सांधा कशाने धरतो?

पोहण्याच्या तलावाचा फिल्टर साफसफाईसाठी उघडला की त्याचे सगळे भाग एका ताडपत्रीवर मांडता येतात. टाकीचा खालचा अर्धा भाग, त्यावर बसणारे घुमटासारखे झाकण, आतले पाणी गाळणारे कार्ट्रिज, दोन्ही अर्धे बाहेरून कवेत घेणारा पोलादी पट्टा, त्याचा नट आणि स्प्रिंग, दाब दाखवणारे गेज आणि रबराची एक काळी ओ-रिंग. यातले काहीही हरवलेले नाही, काहीही मोडलेले नाही. तरी या घडीला तिथे फिल्टर आहे असे म्हणवत नाही, कारण पाणी गाळण्याचे काम त्या मांडलेल्या वस्तूंकडून होणार नाही. तासाभराने हेच भाग जोडले जातात, पंप सुरू होतो, आणि पुष्कळदा झाकणाच्या कडेखालून पाण्याची बारीक चिळकांडी उडते. तेव्हा तर प्रत्येक भाग आपापल्या जागेवर असतो. म्हणजे भाग असून भागत नाही आणि ते जागच्या जागी असूनही भागत नाही. आणखी काहीतरी लागते. ते काय, हा प्रश्न फिटरचा आहे तितकाच तत्त्वज्ञाचाही आहे. अनेकांचे एक कशाने होते, यावर आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला, कारण त्या उत्तरावर देह म्हणजे काय, समाज म्हणजे काय आणि शेवटी ‘मी’ म्हणजे काय हे ठरणार होते. या वादात एका रबरी कड्याची साक्ष मोलाची आहे, असे मला वाटते. ती साक्ष सांगते की एकपण ही भागांवर वरून ठेवलेली वेगळी वस्तू नाही आणि ते नुसते नावही नाही. कुणीतरी आपला आकार सोडतो आणि बळ सोडत नाही, तेव्हा ते घडते.

वादाची मूळ मांडणी आधी पाहू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे इंडो-ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटतो. राजा रथातून आला आहे. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सगळे मिळून रथ का, यालाही तो नाही म्हणतो, आणि यांच्यापलीकडे काही रथ आहे का, यालाही नाही. निष्कर्ष असा निघतो की या भागांच्या आधारे ‘रथ’ हा व्यवहारापुरता शब्द वापरला जातो, आणि माणसाच्या नावाचेही तसेच आहे. नैयायिकांना हे पटले नाही. न्यायसूत्रांनी अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ मानला आणि त्यासाठी एक साधा पुरावा दिला: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. ढिगाचे असे होत नाही. वात्स्यायन आपल्या भाष्यात या पुराव्याची छाननी करतात आणि म्हणतात की धरले जाणे-ओढले जाणे हे ‘संग्रहा’मुळे होते. संग्रह म्हणजे संयोगाच्या जोडीला असणारा एक वेगळा गुण, जो कच्च्या घड्यात पाण्याच्या ओलाव्यामुळे येतो आणि भाजलेल्या घड्यात अग्नीमुळे. मातीकाम जवळून पाहणाऱ्याचे हे निरीक्षण आहे. नुसते जवळ ठेवणे वेगळे आणि धरून राहणे वेगळे, हा फरक त्यांनी नेमका पकडला. नागसेनाच्या ‘सगळे मिळून’ या प्रश्नात मात्र हा फरक बुजून जातो. रथाचा ढीग आणि जोडलेला रथ, दोन्ही ‘सगळे मिळून’च असतात.

धरून राहणे म्हणजे काय, ते फिल्टर जोडताना हाताला कळते. जाणता माणूस आधी खाच पुसतो. टाकीच्या कडेला ज्या वर्तुळाकार खाचेत ओ-रिंग बसते, तिच्यातून तो बोट फिरवतो, कारण डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण किंवा केस बोटाला लागतो. रिंग स्वच्छ पाण्याने धुऊन तो ती ताणून पाहतो. कुठे चीर पडली आहे का, कुठे ती चपटी झाली आहे का. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पेट्रोलियम जेली इथे चालत नाही, कारण तिच्याने काही जातींचे रबर फुगते आणि कुजते. ग्रीसने फट बुजवायची नसते. रिंगला पीळ न पडता आपल्या जागी सरकता यावे, एवढ्यासाठी ते लावायचे. झाकण सरळ खाली उतरवायचे, वाकडे नाही. पट्टा चढवून नट थोडा थोडा पिळायचा आणि मधे मधे पट्ट्यावर रबरी हातोडीने सगळीकडून ठोकायचे, म्हणजे ताण एका बाजूला न साठता पूर्ण घेरात पसरतो. पुष्कळ फिल्टरांत नटापाशी स्प्रिंग असते. तिचे वेढे एकमेकांना टेकले की थांबायचे. शेवटी झाकणावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, टाकीपासून दूर उभे राहून पंप चालू करायचा. आधी हवा सुसाटत निघते, मग फसफसते पाणी, मग अखंड धार. तेव्हाच व्हॉल्व्ह बंद करायचा. हा शेवटचा नियम जिवाशी गाठ असलेला आहे. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, आणि नीट न बसलेले झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडू शकते.

किती ताकद? गेजवर १४ पीएसआय दिसत असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा जोर असतो. झाकणाचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर त्याला वर ढकलणारा जोर जवळपास दोन टन भरतो. हा जोर पोलादी पट्टा पेलतो, रिंग नाही. रिंगचे काम दुसरेच आहे. दोन कडक कडा कितीही घासून गुळगुळीत केल्या तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे उरतात, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. पट्टा आवळला की खाचेतली रिंग तिच्या जाडीच्या १५ ते २५ टक्के दाबली जाते. तिचा गोल छेद चेपून लांबट होतो आणि ती वरच्या कडेचे उंचसखलपण वेगळे, खालच्या कडेचे वेगळे, असे दोन्ही आपल्या अंगावर उतरवून घेते. याहून विलक्षण गोष्ट पंप चालू झाल्यावर घडते. आतले पाणी रिंगला खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर रेटते, आणि त्या रेट्याने ती फटीवर अधिकच घट्ट बसते. ज्या दाबाने गळती व्हायची, तोच दाब गळती थांबवतो. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांना या रचनेचे पेटंट १९३९ साली मिळाले. विमानांपासून घरच्या नळापर्यंत आज ती जिथे तिथे आहे. मात्र तिला एक अट आहे. सुरुवातीचे चेपणे झालेलेच असावे लागते. जी रिंग आधी जराही दबलेली नाही, तिला पाणी घट्ट करत नाही, बाजूला सारते.

इथे शंकराचार्यांचा एक जुना आक्षेप उभा राहतो. वैशेषिक म्हणत की अवयव आणि अवयवी ‘समवाय’ नावाच्या संबंधाने बांधलेले असतात. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य विचारतात: समवाय हा त्या दोघांहून वेगळा पदार्थ असेल, तर तो स्वतः त्या दोघांशी कशाने जोडला जातो? त्यासाठी दुसरा समवाय हवा, त्या दुसऱ्यासाठी तिसरा, आणि ही रांग कधी संपत नाही. यालाच अनवस्था म्हणतात. वरवर पाहता ओ-रिंग या आक्षेपाचा मूर्तिमंत पुरावा आहे. झाकण आणि टाकी यांच्यात एक सांधा होता. तो धरत नाही म्हणून मधे तिसरी वस्तू आणली, तर आता एकाचे दोन सांधे झाले: रिंग आणि झाकण, रिंग आणि टाकी. हे दोन सांधे धरायला आणखी दोन रिंगा नकोत का? प्रत्यक्षात नको असतात, आणि का नको असतात यातच उत्तर आहे. ती रांग सुरू राहते, कारण प्रत्येक जोडणारा पदार्थ जोडल्या जाणाऱ्यांइतकाच ताठ आहे, आपल्या आकारात पूर्ण आहे, असे आपण गृहीत धरलेले असते. दगड आणि दगड यांच्यात तिसरा दगड ठेवला तर फटींची संख्याच वाढते. रिंग मात्र कडेला भेटताना कडेचा आकार घेते. तिच्यात आणि कडेत तिसऱ्याची गरज उरेल एवढी फटच उरत नाही. अनवस्था नवा पदार्थ आणून तुटत नाही. भेटणाऱ्यांपैकी एकजण नमला की ती तुटते. आचार्यांचा आक्षेप ताठ पदार्थांच्या जगाला लागू आहे, आणि तिथे तो बिनतोड आहे. जिथे काहीतरी नमू शकते, तिथे त्याचा जोर ओसरतो.

याहून कठीण आक्षेप सातव्या शतकातले माध्यमिक पंथाचे बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती यांचा आहे. ‘मध्यमकावतारा’त ते रथाचाच दाखला घेतात आणि सात पर्याय तपासतात. त्यातला एक असा: रथ म्हणजे भागांची विशिष्ट ठेवण, त्यांचा आकार, असे म्हणता येईल का? त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की चाकाचा आकार जोडण्यापूर्वी जो होता तोच जोडल्यावरही असतो. मग सुट्या भागांत जर रथ नव्हता, तर जोडलेल्या भागांत तो कुठून आला? आणि जोडल्यावर चाकाचा आकार बदलतो असे म्हणाल, तर तो बदल दिसायला हवा. तो तर दिसत नाही. चाकापुरते हे खरे मानू. पण वर्षभराने फिल्टर उघडून रिंग हातात घ्या. तिच्या दोन बाजूंना सपाट पट्टे उमटलेले असतात, एकावर झाकणाची कड, दुसऱ्यावर टाकीची. चंद्रकीर्तींनी मागितलेला बदल इथे बोटाला लागतो. जोडलेल्या फिल्टरमधला निदान एक भाग ढिगातल्यासारखा उरलेला नाही. एकपण भागांवर बाहेरून लटकवलेले नाही. ते एका भागाच्या अंगावर उमटले आहे. माध्यमिक यावर म्हणतील की यातून आमचेच म्हणणे सिद्ध झाले, कारण संबंधात येताच जे बदलते त्याला स्वतःचा अढळ स्वभाव नाही, ते शून्य आहे. हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. नागार्जुनांनी मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात सांगितले आहे की शून्यता मान्य केली तरच सगळे व्यवहार जुळतात. स्वभाव अढळ धरला तर काहीच जुळत नाही. मी फक्त पुढचे पाऊल टाकतो. शून्यता ही जर जुळण्याची क्षमता असेल, तर जुळलेले जे घडते त्याला ‘नुसते नाव’ म्हणून बाजूला सारता येत नाही. नाव बदलल्याने गळती थांबत नसते. पाण्याला नावे कळत नाहीत, त्याला फट कळते.

मात्र ‘नमणे’ या शब्दाने फसगत होऊ शकते, म्हणून त्याची दुसरी बाजू नीट पाहायला हवी. ओली माती रबराहून अधिक नमते, पण मातीने फिल्टर जोडता येत नाही, कारण माती दबते आणि दबलेलीच राहते. रबर दबते आणि क्षणोक्षणी परत वर येऊ पाहते. सांधा धरतो तो या परत येऊ पाहण्याने. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उजव्या बूस्टर रॉकेटच्या खालच्या बाजूच्या सांध्यात दोन ओ-रिंगा होत्या. दोन्ही जागेवर होत्या. पण त्या सकाळी थंडी कडाक्याची होती, उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअस होते, आणि थंडीने रबराची उसळून परत येण्याची चपळाई गेली होती. दाबाखाली सांधा किंचित उघडला, तेव्हा रिंग त्याच्यामागे वेळेत गेली नाही आणि तप्त वायूला वाट मिळाली. चौकशी आयोगाच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवले की चिमटा सोडल्यावरही तो काही काळ दबलेलाच राहतो. एक पेला पाणी आणि एक रबराचा तुकडा एवढ्यावर साऱ्या सभागृहाला कळले की सांध्याचा प्राण कशात असतो. सगळे भाग हजर होते, जागच्या जागी होते, रिंग दबलीही होती. हरवले होते ते परतण्याचे बळ. म्हणून एकपणाच्या व्याख्येत दोन गोष्टी हव्यात: दुसऱ्याचा आकार अंगावर घेणे आणि तरीही आपल्या आकाराकडे परतत राहणे. पहिली नसेल तर ढीग उरतो. दुसरी नसेल तर चिखल.

कुणी म्हणेल, हे सगळे यंत्राचे झाले. फिल्टर माणसाने आपल्या गरजेसाठी बनवला, तो गळतो की नाही हेही माणसाच्या हेतूवरून ठरते. तो जोडणारा हात बाहेरचा आहे. जीव असा जोडलेला नसतो, मग यंत्रावरून आत्म्याचा किंवा समाजाचा न्याय कसा करायचा? या आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. पाणी कुठे राहावे हे आपण ठरवतो. पण ते तिथे राहते की नाही, हे आपण ठरवत नाही. हेतू आपला असला तरी निकाल जगाचा असतो, आणि एकपणाला तत्त्वज्ञानात वजन येते ते या निकालामुळे. उरला यंत्र आणि जीव यांतला फरक. माणूस फिल्टरसारखा आहे असे माझे म्हणणेच नाही. जोडले जाण्याला एक घडण आहे, ती यंत्रात उघड्यावर दिसते आणि अन्यत्र झाकलेली असते, एवढेच म्हणणे आहे. ‘मी’ हा देहाहून वेगळा कुणी धनी आहे की वेदना-विचारांच्या पुंजक्याला दिलेले नाव आहे, या दोन उत्तरांत आपण शतके अडकलो. तिसरे उत्तर असे देता येते: आठवण आणि आजचा अनुभव, दिलेला शब्द आणि आजची इच्छा, यांच्यातल्या कडा एकमेकींना जिथे धरतात, तिथे ‘मी’ घडतो. ज्याने काल दिलेल्या शब्दासाठी आजची इच्छा दाबली, आणि तरी ती इच्छा आपली आहे हे नाकारले नाही, तो माणूस एक आहे. हे एकपण जन्मतः मिळत नाही आणि एकदा मिळवले की कायमचे टिकतही नाही. म्हणून धर्मपरंपरांनी साधना रोजची सांगितली.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र नैतिक आहे, आणि महाराष्ट्रात लिहिताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नमण्याचा उपदेश आपल्या समाजात नेहमी एकाच बाजूला केला गेला. सुनेने जुळवून घ्यावे, गावकुसाबाहेरच्यांनी पायरी ओळखून राहावे, आणि घर, गाव, धर्म अखंड राहिला असे इतरांनी म्हणावे. मी मांडतो आहे ते तत्त्व या जुन्या अन्यायाला नवे समर्थन देत नाही का? रिंगचीच साक्ष पुन्हा काढू. वर्षानुवर्षे एकसारखी दाबली गेलेली रिंग चपटी होते, परत उसळत नाही, आणि एक दिवस तिच्याखालून पाणी वाहू लागते. अशा वेळी काही जण पट्टा आणखी आवळतात. त्याने गळती थांबत नाही. टाकीच्या कडेला तडा जाऊ शकतो. वाकड्या बसवलेल्या झाकणाचे, एकाच बाजूला साठलेल्या ताणाचे, खाचेत राहिलेल्या खड्याचे पाप रिंगला फेडता येत नाही. कडा स्वच्छ आणि ताण समान, ही नमण्याची पूर्वअट आहे. जिथे ती नाही, तिथे नमणाऱ्याकडून एकपण मागणे म्हणजे त्याला चिरडणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही हे बजावले होते, आणि ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली असे त्यांनी पुढे काही वर्षांनी सांगितले. बंधुता हा सांधा आहे. समतेवाचून तिची मागणी केली तर ती एकाचे दबणे आणि दुसऱ्याची सोय एवढीच उरते. आणि जिला परतण्याचे स्वातंत्र्य नाही, ती बंधुताच नाही.

म्हणून नागसेन आणि नैयायिक या दोघांचेही देणे मान्य करून त्यांच्यापेक्षा थोडे वेगळ्या जागी उभे राहावे लागते. भागांपलीकडे कुणी अदृश्य अवयवी बसलेला नाही, हे नागसेनाकडून घ्यावे. धरून राहणे खरे आहे आणि ते नुसत्या जवळ असण्याहून वेगळे आहे, हे वात्स्यायनांकडून. संग्रहाचे कारण सांगताना त्यांनी पाण्याचा जो गुण सांगितला, त्याचे नाव ‘स्नेह’. वैशेषिकांच्या परिभाषेत स्नेह म्हणजे चिकटवून धरणारा ओशटपणा. आपल्या रोजच्या बोलण्यात स्नेह म्हणजे माया. एका शब्दात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, कारण दोन्हींचे काम एक आहे: ताठ कडांना एकमेकींच्या जवळ येऊ देणे आणि तिथे राहू देणे. या विचाराला ईश्वर मानणारा जितका आधार देऊ शकतो तितकाच न मानणाराही. दोघांनाही त्यातून सारखेच कर्तव्य मिळते. एकता आहे असे घोषित करून ती येत नाही, आणि नाही असे सिद्ध करून कुणी मोकळाही होत नाही. ती जोडावी लागते, तपासावी लागते, वेळ आली की उघडून पुन्हा जोडावी लागते. जोडून झाल्यावर जाणता फिटर लगेच निघून जात नाही. गेजचा आकडा तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढे दाब वाढला तर कळावे. मग वाकून सांध्याच्या घेरावरून एक कोरडे बोट फिरवतो, आणि ते बोट कोरडेच परत आले की उठतो.